पावलांचा माग काय सांगतो?

चैत्र लागला की आमच्या वणीच्या रस्त्याला वेगळेच रूप येते. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडावर यात्रा भरते. खान्देशातले भाविक मालेगाव, देवळा, कळवण मार्गे नांदुरीला येतात, तर नाशिक-दिंडोरीकडचे वणीवरून पुढे जातात. गड कळवण तालुक्यात, वणी दिंडोरी तालुक्यात. तरी सारा मुलूख देवीला 'वणीची देवी' म्हणूनच ओळखतो. त्यामुळे थकल्याभागल्या यात्रेकरूंचा पहिला मुक्काम पुष्कळदा आमच्या गावात आणि दुसरा, नाइलाजाने, माझ्या दवाखान्यात होतो. पायाला फोड, पोटऱ्यांत गोळे, उलट्या, चक्कर या तक्रारी मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. पण एका रुग्णाने मला जे शिकविले, ते कुठल्याच पुस्तकात मी तसे वाचले नव्हते. आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

'एकदमच गरगरलं बघा'

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी एकच्या सुमारास तिघे जण एका गृहस्थांना जीपमधून घेऊन आले. वय बावन्न. अंग भाजत होते, बोलणे असंबद्ध, दोनदा उलटी झालेली. तापमान १०५ अंशांवर. उष्माघात. कपडे सैल केले, ओल्या चादरी गुंडाळल्या, पंखा लावला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवला, शिरेतून सलाईन सुरू केले आणि १०८ ची गाडी बोलावून मोठ्या रुग्णालयात रवाना केले. मूत्रपिंडावर परिणाम झाला होता. आठवडाभर ते तिथे होते. देवीच्या कृपेने म्हणा, वेळेवर मिळालेल्या थंडाव्याने म्हणा, ते वाचले.

बरोबरच्या मंडळींना मी विचारले होते, 'आधी काही त्रास जाणवत होता का?' सगळ्यांचे एकच उत्तर, 'नाही हो डॉक्टर, चांगले चालत होते. एकदमच गरगरलं बघा.' मीही केसपेपरवर लिहून टाकले, 'अचानक चक्कर'.

महिन्याभराने त्यांचा मुलगा आभार मानायला आला. संगणकाचे शिक्षण घेतलेला मुलगा. म्हणाला, 'डॉक्टर, दादांच्या मोबाईलमध्ये त्या दिवशी कुठे कुठे गेले याची सगळी नोंद आहे. काकांच्या मोबाईलमध्येही आहे. तुम्ही बघता का?' खरे सांगायचे तर मला त्यात काही विशेष वाटले नव्हते. रस्ता तर एकच, दिंडोरी ते वणी. त्यात बघायचे काय? तरी त्याचा उत्साह पाहून बसलो. पुढचे दोन तास कसे गेले कळले नाही आणि शेवटी 'अचानक' हा मी लिहिलेला शब्द मलाच खोडावा लागला.

नोंद म्हणजे नेमके काय?

आधी हे समजून घेऊ. आपल्या खिशातला मोबाईल आकाशातल्या उपग्रहांचे संदेश ऐकून आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे ठरवतो. आपण परवानगी दिली असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने एक ओळ लिहून ठेवतो: अक्षांश, रेखांश आणि वेळ. एवढेच. दिवसभरात अशा शेकडो-हजारो ओळी होतात. त्या कागदावर छापून तुमच्या हातात दिल्या, तर किराणा दुकानाच्या खतावणीइतक्याच कंटाळवाण्या वाटतील. त्यातून काही अर्थ निघत नाही.

त्याच ओळी नकाशावर ठिपके म्हणून मांडल्या आणि ठिपके जोडले की वाट दिसते. पण नुसती वाटही मुकी असते. त्या मुलाने ती बोलती केली. दोन ठिपक्यांमधले अंतर आणि मधला वेळ यांवरून चाल निघते. चांगल्या चालीला हिरवा रंग, मध्यम चालीला पिवळा आणि मंद चालीला तांबडा रंग त्याने दिला. माणूस जिथे थांबला तिथे वर्तुळ. थांबा जितका लांब तितके वर्तुळ मोठे. पडद्याच्या खालच्या बाजूला वेळेची पट्टी होती. तिच्यावरची खूण बोटाने सरकवली की ठिपका नकाशावर चालू लागतो. मागे नेली की मागे येतो. पट्टीचा एखादा तुकडा, समजा अकरा ते बारा, निवडला की नकाशावर तेवढीच वाट उजळते आणि बाजूच्या आलेखातही तेवढाच भाग ठळक होतो.

म्हणजे हा नकाशा भिंतीवर टांगून ठेवण्यासारखा नव्हता. रुग्ण समोर बसल्यावर आम्ही डॉक्टर जसे एकामागून एक प्रश्न विचारतो, तसे त्याला विचारता येत होते. 'कुठे दुखते?', 'कधीपासून?', 'जेवणाआधी की नंतर?' प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न सुचतो. या पद्धतीचे सारे मर्म त्यातच आहे. यंत्र हिशेब करते, डोळा आकृती ओळखतो आणि माणूस पुढचा प्रश्न विचारतो.

तीन तासांची हाक

आता त्या दिवशी काय दिसले ते सांगतो. आरती, चहा, फराळ यांत मंडळींना दिंडोरीहून निघायला आठ वाजले होते. आठ ते दहा रेघ हिरवीगार, चाल ताशी पाच किलोमीटरच्या जवळपास, चहासाठी एकच छोटा थांबा. दहानंतर रेघ पिवळी झाली, चाल चारवर आली. अकरा ते बारा ती तीनवर आली आणि वर्तुळे दिसू लागली. सुरुवातीला अर्ध्या तासाने एक, मग पंधरा मिनिटांनी, मग दर पाच-सात मिनिटांनी. बारानंतर रेघ तांबडी. शेवटच्या तासात तर ती सरळही राहिली नव्हती. रस्त्याच्या या कडेने त्या कडेला जात होती.

मग त्या मुलाने काकांच्या मोबाईलमधली रेघ शेजारी आणली आणि दोन ठिपके एकदम चालवले. दहा वाजेपर्यंत दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून. साडेदहाला दोघांत दोनशे मीटर अंतर. साडेअकराला अर्धा किलोमीटर. साडेबाराला एक किलोमीटरहून जास्त. पुढचा ठिपका झपझप वणीकडे चालला होता आणि मागचा थांबत, लटपटत येत होता. मुलाने खूण दोनदा मागे नेऊन पुन्हा पाहिली. मग लॅपटॉपचे झाकण अर्धे लावून म्हणाला, 'काकांना वाटलं, सावकाश येतायत.'

वाचकहो, 'एकदम' काही झाले नव्हते. शरीर तीन तास हाका मारत होते. ऐकणारे एक किलोमीटर पुढे होते आणि ज्याचे शरीर होते त्याला घामाघूम अवस्थेत त्या हाकेचा अर्थ कळत नव्हता. उष्माघातात मेंदूवर परिणाम होतो, म्हणून रोगी स्वतः 'मला बरे नाही' असे सांगेलच याचा भरवसा नसतो. पुढे चौकशीत आणखी दोन गोष्टी कळल्या. त्यांचा त्या दिवशी उपवास होता आणि रक्तदाबासाठी ते लघवी वाढवणारी गोळी घेत होते. नकाशाने हे सांगितले नाही. पण 'दहा वाजता असे काय झाले?' हा प्रश्न नकाशाने विचारायला लावला, तेव्हा ते बाहेर आले.

जुनीच विद्या, नवे साधन

वेळ, जागा आणि माणसाचे हाल एकाच चित्रात मांडण्याची कल्पना नवी नाही. १८६९ साली शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेचा नकाशा काढला. जाताना ४,२२,००० सैनिकांचा जाड पट्टा, परतताना १०,००० जणांची बारीक रेघ आणि परतीच्या रेघेखाली थंडीच्या तापमानाचा आलेख. कुठल्या टप्प्यावर पारा किती उतरला आणि फौज किती झिजली, हे एका नजरेत कळते. आपल्या यात्रेकरूंच्या रेघेखाली उन्हाचा आलेख ठेवला, तर तत्त्व तेच.

त्याआधी १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे झाले ते नकाशावर मांडले आणि सारा संशय एका पाण्याच्या पंपावर आणून ठेवला. त्यांचे खरे मोठेपण मात्र पुढे आहे. नकाशात न बसणाऱ्या मृत्यूंकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई दगावली होती. चौकशी केली तेव्हा कळले की, ब्रॉड स्ट्रीटचे पाणी तिला आवडे म्हणून ते मुद्दाम तिच्याकडे पोचवले जात होते.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यांनी १९७० मध्ये आणखी एक पाऊल टाकले. नकाशा टेबलावर आडवा ठेवा आणि वेळ उभ्या दिशेने वर जाते असे समजा. चालणाऱ्या माणसाची रेघ तिरकी वर चढेल. जो थांबला त्याची रेघ खांबासारखी सरळ उभी राहील. दोन माणसे भेटली तिथे दोन रेघा एकत्र येतील. साथीच्या रोगात कोण कोणाला कुठे भेटले हे शोधण्यासाठी याहून सोपे चित्र नाही. त्या काळी हे हाताने काढावे लागे. आज संगणक क्षणात काढतो आणि हवे तसे फिरवून दाखवतो.

आमचा प्रयोग आणि माझी फसगत

त्या घटनेनंतरच्या चैत्रात, ओळखीच्या एका पदयात्रा मंडळातील काही जणांनी आपणहून आपल्या नोंदी आम्हाला दिल्या. सगळ्या रेघा एकावर एक टाकल्या आणि पडद्यावर नुसता गुंता झाला. मुलाने सांगितले की ही नेहमीचीच अडचण आहे. माणसे दहाच्या वर गेली की रेघा बघायच्या नसतात, त्यांची बेरीज बघायची असते. रस्त्याचे अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती जण, किती वेळ थांबले, सरासरी चाल किती होती, हे रंगाने दाखवायचे. तसे केल्यावर दोन जागा लालभडक दिसल्या.

पहिली जागा पाहताच मी निदान करून मोकळा झालो. 'इथे सगळे थकतात. इथे पाण्याची सोय नसणार.' दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून तिथे गेलो, तर मोठे वडाचे झाड आणि त्याखाली गावकऱ्यांनी मांडलेला मोफत चहा-फराळाचा मांडव! माणसे थकली म्हणून थांबली नव्हती. आनंदाने बसली होती. दुसऱ्या जागी मात्र ना झाड, ना घर, ना पाणी. तिथले थांबे लहान-लहान आणि पुष्कळ, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला. पाण्याची टाकी होती, पण ती दोन किलोमीटर पुढे.

नकाशावर दोन्ही जागा सारख्याच लाल होत्या. फरक कळला तो वेळेच्या पट्टीवरून आणि प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यावर. पहिल्या जागेवरचे थांबे लांब होते आणि उठल्यावर चाल वाढलेली होती. दुसऱ्या जागेवर थांबे आखूड होते आणि उठल्यावरही चाल तेवढीच मंद. विश्रांतीनंतर चाल सुधारते की नाही, ही खूण मी तेव्हापासून कायमची लक्षात ठेवली आहे. मंडळाने पाण्याची टाकी दोन किलोमीटर अलीकडे आणली आणि वर कापडाचा मांडव घातला. त्याने किती जणांचा त्रास टळला हे मला सांगता येणार नाही, कारण जे घडले नाही त्याची नोंद कुठल्या मोबाईलमध्ये होत नाही.

आणखी एक कमतरता सांगितलीच पाहिजे. आमच्याकडे आलेल्या नोंदी बहुतेक तरुणांच्या होत्या. अनवाणी चालणाऱ्या म्हाताऱ्या आजीबाई, ज्यांच्याकडे मोबाईल नाही किंवा साधा मोबाईल आहे, त्या या नकाशावर नव्हत्याच. ज्यांना धोका सर्वांत जास्त तेच चित्रात नाहीत. शिवाय घाटात, डोंगराच्या कड्याखाली उपग्रहाचा संदेश नीट मिळत नाही आणि ठिपका उडी मारून दरीत जाऊन बसतो. त्यावरून कोणी दरीत पडले असा अर्थ काढायचा नसतो!

गर्दीचे गणित

एकट्या माणसाची रेघ त्याच्या शरीराची गोष्ट सांगते. हजारोंच्या रेघा गर्दीची तब्येत सांगतात. नाशिककर २७ ऑगस्ट २००३ चा दिवस विसरलेले नाहीत. सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ जणांचे प्राण गेले. जानेवारी २००५ मध्ये वाईजवळच्या मांढरदेवी यात्रेत तर जवळपास ३०० भाविक दगावले.

अशा मृत्यूंविषयी एक गैरसमज आहे की माणसे पायांखाली तुडवली जाऊन मरतात. पुष्कळदा माणूस उभ्या-उभ्याच जातो. श्वास घेताना छाती फुगावी लागते. चारही बाजूंनी दाब आला की छाती फुगत नाही, प्राणवायू मिळत नाही आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडतो. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असली तरी चालता येते. सहा-सातच्या वर गेली की माणूस आपल्या मनाने हलत नाही; पाण्यातल्या ओंडक्यासारखा वाहतो. १२ जानेवारी २००६ रोजी मक्केजवळच्या मीना येथे ३४० हून अधिक यात्रेकरू मरण पावले. त्या गर्दीचे चित्रीकरण डर्क हेल्बिंग व सहकाऱ्यांनी संगणकावर तपासले तेव्हा क्रम दिसला तो असा: आधी गर्दी सलग चालत होती, मग 'थांब-चाल, थांब-चाल' अशा लाटा उठू लागल्या आणि त्यानंतर माणसे सगळ्या दिशांना ढकलली जाऊ लागली. उघड्या डोळ्यांना जी नुसती गर्दी वाटते, तिच्यात अपघाताआधी अशी सूचना दडलेली असते. पुन्हा तेच. 'एकदम' काही होत नाही.

याच विचाराने २०१५ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये काही प्रयोग झाले. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटीत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' हा उपक्रम उभा राहिला. नाशिकच्याच नीलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पावले मोजणारी चटई तयार केली. तिचे नाव 'आशिओतो', म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज. चटईवर पाय पडला की मोजणी होते आणि किती माणसे कोणत्या वेळी आत गेली याचा आकडा लगोलग कळतो. तेवढ्यावरून पुढचा रस्ता भरायच्या आत मागचा थांबवता येतो. पुढचा सिंहस्थ २०२७ चा. आपल्या जिल्ह्याने ही विद्या तेव्हा आणखी नेटाने वापरावी, असे एक डॉक्टर म्हणून मला मनापासून वाटते.

घरच्या घरी काय करता येईल?

हे सगळे वाचून 'आमच्याकडे संगणक कुठे आहे?' असे कोणी म्हणेल. संगणक नसला तरी चालेल. वही-पेन्सिल पुरते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर रोजच्या वाटेने एकदा चालून पहा. कुठे थांबतात, किती वेळ थांबतात आणि थांबल्यावर काय होते, एवढे टिपून ठेवा. त्याचा आम्हा डॉक्टरांना फार उपयोग होतो.

ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहिले की जातो आणि तेवढेच अंतर गेल्यावर पुन्हा येतो: पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची ही खूण असू शकते. विडी-तंबाखूवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे. उभे राहून आराम पडत नाही, पण बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर पडतो: मग कमरेच्या मणक्यांकडे पाहावे लागते. रोज त्याच चढावर छातीत आवळल्यासारखे होते आणि थांबले की थांबते: उद्याची वाट न पाहता हृदयाची तपासणी करा. महिन्यापूर्वी जी वाट एका दमात होत होती तिला आता दोन थांबे लागतात: हा बदल 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधणाऱ्यांनाही एक सांगतो. दहा हजार पावलांचा आकडा कोणा वैद्याने संशोधन करून ठरवलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावावरून तो रूढ झाला. कमी पावलांनीही फायदा होतो. आकड्यामागे धावण्यापेक्षा कालच्यापेक्षा आज चाल कशी आहे ते पाहा.

माग कोणाच्या हाती?

एक सावधगिरीची सूचना. तुमच्या पावलांचा माग म्हणजे तुमच्या घराचा, देवळाचा, दवाखान्याचा पत्ता आहे. नाव काढून टाकले म्हणजे माणूस ओळखता येत नाही, हा समज चुकीचा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाईल नोंदी तपासल्या, तेव्हा जागा आणि वेळ यांच्या अवघ्या चार नोंदींवरून ९५ टक्के लोक वेगळे ओळखता येतात असे आढळले. म्हणून मोबाईलमधील ही नोंद चालू आहे की बंद, हे माहीत असू द्या आणि ती कोणाला, कशासाठी देतो आहोत याचा विचार करा. आमच्या प्रयोगातल्या नोंदी काम झाल्यावर आम्ही पुसून टाकल्या. घराजवळचा भाग तर आधीच कापला होता.

पायी निघणाऱ्यांसाठी

१. पहाटे चारला निघा, अकरा ते चार सावलीत मुक्काम करा. आठला निघून दुपारी पोचण्याचा हट्ट धरू नका.

२. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत रहा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने, असे पाणी जवळ ठेवा.

३. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटून गोळ्यांविषयी विचारावे. मनाने गोळी बंद करू नये. उपवासाचाही विचार त्याच वेळी व्हावा.

४. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका कळत नाही. रोज रात्री तळवे पहावेत.

५. सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या मागे कायम एक धडधाकट माणूस ठेवा. चाल मंदावली, थांबे जवळजवळ येऊ लागले, बोलणे बदलले, पाऊल वाकडे पडू लागले की तिथेच थांबवा. विश्रांतीनंतरही चाल सुधारली नाही तर पुढे नेऊ नका.

६. अंग तापून बरळू लागल्यास आधी पाणी ओतून, वारा घालून थंड करा, १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

७. दाट गर्दीत दोन्ही हात छातीसमोर मुठी करून धरा म्हणजे श्वासाला जागा राहते. रेट्याच्या विरुद्ध जाऊ नका. तिरके तिरके सरकत कडेला या, पण भिंतीला किंवा कठड्याला चिकटू नका. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका.

ते गृहस्थ पुढच्या चैत्रात पुन्हा गडावर गेले. या वेळी नांदुरीपर्यंत गाडीने आणि घाट मात्र पायी, पहाटेच्या गारव्यात. परतताना दवाखान्यात प्रसाद घेऊन आले. म्हणाले, 'डॉक्टर, आता दोघं भाऊ बरोबरच चालतो. तो पुढं गेला तर मी हाक मारतो आणि मी मागं पडलो तर तो मागं वळून बघतो.' त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपने मला दोन तासांत जे दाखवले, त्याचे सार या एका वाक्यात आले. चालताना अधूनमधून मागे वळून पहात जा.